दुसऱ्या कडव्यातला सूर

४ फेब्रुवारी १९९८

खुंट्या,

नमस्कार-बिमस्कार लिहीत नाही. फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकायची इच्छा झाली नाही, म्हणून कागद घेतला.

कॅसेट मिळाली. कव्हरवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, ते चालेल. पहिली दोन गाणी ऐकली. तिसरं लागलं तेव्हा मी भांडी पुसत होते. दुसऱ्या कडव्यात ती ओळ चढत चढत टोकाला जाते ना, तिथे हातातलं पातेलं खाली ठेवलं. कॅसेट मागे घेतली, परत ऐकलं. मग आणखी एकदा.

तो सूर मी गायलेला नाही.

आवाज माझ्यासारखा आहे, कबूल. शेजारीण दारात येऊन सांगून गेली, "या वयात काय गळा आहे हो तुमचा!" पण त्या सुरावर जायच्या आधी मी श्वास घेते. आयुष्यभर घेत आलेय. ही बाई श्वास न घेता तशीच वर गेली. शिवाय सुरावर पोचल्यावर ती आवाज पुढे ढकलते, मी मागे ओढून धरते.

त्या दिवशी माझा घसा बसला होता. प्रत्येक वेळी त्या जागी आवाज फाटत होता. तू काचेमागून बटण दाबून म्हणालास, "झालं ताई, मस्त, ये बाहेर." मला वाटलं, तीच ओळ मी खालच्या सुरात गाऊन ठेवली होती, ती लावशील. माझी अक्कल!

कुणाला गायला लावलंस? नाव कळव. आणि कॅसेट बाजारातून परत बोलाव.

ताई


१३ फेब्रुवारी १९९८

ताई,

तुझं पत्र सगळ्या स्टाफसमोर उघडलं, एवढीच काय ती माझी चूक.

सूर तुझाच आहे. तुला फाटलेले टेक आठवतात, नीट झालेला आठवत नाही, त्याला मी काय करू? आता कॉम्प्युटर आलाय. एका टेकमधला शब्द उचलून दुसऱ्यात बसवता येतो, सांधा कुणाच्या बापाला कळत नाही. श्वास म्हणशील तर तो मीच काढला. सगळ्यांचे काढतो. लोकांना गाणं हवं असतं, धाप नको.

खरं सांगू? तुला ती काच पहिल्या दिवसापासून खुपते. अजून तू बाबांच्या वेळच्या हॉलमध्येच उभी आहेस. भिंतींना टांगलेल्या गाद्या, मधोमध एकुलता एक माईक, तू त्याच्या पुढ्यात, व्हायोलिनवाले मागे, आणि ट्रंपेटवाला बिचारा बाहेर जिन्यात, कारण तो आत आला की बाकी सगळे गडप. बाबा जिन्याखालच्या कोठीत मशीन घेऊन बसलेले. त्यांना तुम्ही दिसत नव्हता, तुम्हाला ते. लाल दिवा लागला की सुरू करायचं. कुणी शिंकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! सेलोवाल्या काकांना चक्कर येऊन ते वाद्यासकट आडवे झाले होते, विसरलीस?

मी ती कोठी मोडली, भिंत फोडून काच बसवली, नीट कंट्रोल रूम केली. प्रत्येक वाद्याला स्वतःचा माईक दिला, स्वतःचा ट्रॅक दिला. एकजण चुकला तर त्याचं तेवढंच पुन्हा घ्यायचं. बाबा असते तर पाठ थोपटली असती. तू मात्र तेव्हाही नाक मुरडलंस, आजही मुरडतेस.

कॅसेट जोरात चालली आहे. गप बसून कौतुक करून घे.

खुंट्या


२२ फेब्रुवारी १९९८

खुंट्या,

खोटं बोलताना तू पूर्वी कान खाजवायचास. पत्रात ते दिसत नाही, पण वास येतो.

सेलोवाले काका उपाशी होते म्हणून पडले. त्यांना उचलून पाणी पाजणारे आम्ही सगळे त्याच हॉलमध्ये होतो, म्हणून ते पाच मिनिटांत उठून वाजवायला बसले. तुझ्या स्टुडिओत आज कुणी पडलं तर कळेल तरी का?

तू काय काय केलंस ते मीही सांगते. आधी काच आणलीस, मी गाताना तुम्ही आत हसलात की मला नुसती तोंडं हलताना दिसायची. मग वादकांच्या मधे पडदे उभे केलेस. मग मला त्या लाकडी खोक्यात कोंडलंस, कानाला हेडफोन लावून. मग वादकांना वेगळ्या दिवशी बोलवायला लागलास. मी यायची तेव्हा हॉल रिकामा, फक्त झाडू मारणारा माणूस, आणि माझ्या कानात आठवड्यापूर्वी वाजवून ठेवलेलं व्हायोलिन. कुणाबरोबर गात होते मी, सांग ना? एकेकाला बाहेर काढत काढत तू माझ्यापर्यंत आलास. आता गाण्यात मीही नसले तरी चालतं.

नीट झालेला टेक नव्हता. आवाज जुळवणारा तुझा मिक्सरवाला साक्षीला आण, मी त्याच्याही तोंडावर सांगेन.

टिटवी चार दिवस राहून गेली. तिला ऐकवलं आणि विचारलं, "ही मी वाटते का?" "तूच आहेस आई, अजून कोण असणार," असं म्हणून कपडे वाळत घालायला गेली. माझ्या लेकीला गाण्यातलं कळतं तरी काय म्हणा. पण एक विचारते. ती छापखान्यातल्या नोकरीसाठी तुझ्या शहरात खोली घेऊन राहते, स्टुडिओपासून दोन गल्ल्यांवर. सख्खी भाची! रडण्याच्या आवाजावरून 'टिटवी' नाव तूच ठेवलंस ना? कधी जेवायला तरी बोलावतोस का तिला?

माझा संशय तुझ्याकडे साबणाची जाहिरात गाते त्या बाईवर आहे. तिने कबूल केलं नाही तर मी कॅसेट कंपनीला सरळ पत्र घालणार आहे. मग बघ तिची काय शोभा होते ती.

ताई


३ मार्च १९९८

ताई,

कुणाला काही लिहू नकोस. आधी हे वाच.

ठीक आहे. तो सूर तुझा नाही.

तुझा सूर गेलाय, ताई. घसा-बिसा काही बसला नव्हता. गेली दोन वर्षं मी तुला कॉम्प्युटरवर ओढून-ताणून सुरात बसवतोय, आणि तू बाहेर येऊन मलाच सांगतेस की आज आवाज छान लागला. त्या दिवशी कंपनीचा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. तुझा शेवटचा टेक ऐकून म्हणाला, "बाईंचं राहू द्या आता, दुसरं कुणी बघू." अख्खी कॅसेट गेली असती. मी त्याला चहाला बाहेर पाठवला आणि तुला आत "मस्त" म्हणालो. तुझं नाव वाचवलं. त्याबद्दल तू मला चोर ठरवतेस.

जिने गायलं ती जाहिरातीवाली नाही. त्या बाईला उगाच मधे घेऊ नकोस. नाव सांगणार नाही. ते कळल्यावर तू जो थयथयाट करशील, तो मला इतक्या लांबूनही सोसवणार नाही.

खुंट्या


१० मार्च १९९८

आई,

मामाने तुझी सगळी पत्रं माझ्यासमोर टाकली आणि म्हणाला, "आता तूच काय ते निस्तर." म्हणून लिहितेय.

तो सूर माझा आहे.

मामाचा निरोप आला, तेव्हा छापखान्यातून सुटून तशीच गेले. हाताची शाईही गेली नव्हती. त्याने मला त्या खोक्यात उभं केलं. हेडफोनमध्ये तू होतीस. ओळ चढत आली, त्याने तुझा आवाज तोडला, आणि तिथून पुढे मी. पहिल्याच झटक्यात झालं. काचेमागे मामा खुर्चीवरून उठून उभा राहिला. माझ्यासाठी कुणी असं उठून उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

तो सूर कुठे जाणार आहे ते त्याने मला आधीच सांगितलं होतं. फसवलं नाही. मी हो म्हणाले.

का, ते तुला सांगते. मी शाळेत असताना पाहुण्यांनी गायला सांगितलं. मी गायले. तू हसत हसत म्हणालीस, "हिचा गळा घरापुरता आहे." सगळे हसले. त्यानंतर मी घरातही गायले नाही, आणि हे तुझ्या लक्षातही आलं नाही.

आणि परवा तू मला शेजारणीचं कौतुक सांगत होतीस. 'या वयात काय गळा.' मी कपडे वाळत घालायला गेले, खरं. बादलीत एकच टॉवेल होता.

मला नाव नको. पैसे नकोत, कव्हरवर फोटो नको. फक्त तुला माहीत असायला हवं होतं, म्हणून हे लिहिलं. आता या विषयावर एक अक्षर कुणाजवळ बोलू नकोस.

आणि मला टिटवी म्हणणं बंद कर. मला तो पक्षी आवडत नाही.

तुझी मुलगी


२ मे १९९८

ताई,

शाबास! टाळ्या वाजवायच्या होत्या, पण थिएटरात कुणीच वाजवत नव्हतं म्हणून मीही नाही वाजवल्या.

तुझ्या कार्यक्रमाला मी मागच्या दारापाशी उभा होतो. तुला दिसलो नसेन. भरलेलं थिएटर, पहिल्या रांगेत कंपनीची माणसं, त्यांच्या बायका. तिसऱ्या गाण्याला लोक खूश झाले. दुसऱ्या कडव्याला तू हात वर करून वादकांना थांबवलंस, आणि काय म्हणालीस, मला तोंडपाठ आहे: "कॅसेटमध्ये इथून पुढचा सूर माझा नाही, माझ्या मुलीचा आहे. माझ्या भावाने तो माझ्या नावावर विकला. आता मला जमतं तसं गाते." आणि गायलीस. आवाज फाटला. तू ओळ पूर्ण केलीस आणि पदर सारखा करून पुढच्या गाण्याचं सांगितलंस.

काय वाटलं होतं तुला? लोक उभे राहतील? मला पंख्यांची घरघर ऐकू येत होती. माझ्या पुढे बसलेला माणूस बायकोला म्हणाला, "चल, गर्दी व्हायच्या आधी निघू."

कंपनीने कॅसेट मागे घेतली. हेच हवं होतं ना तुला? आता माझ्याकडे येणारा प्रत्येक गायक आधी विचारतो, "माझ्यात दुसऱ्याचं काही मिसळणार नाही ना?" काहीजण तर विचारायलाही येईनासे झालेत. बाबांनी उभा केलेला स्टुडिओ तू एका हाताच्या इशाऱ्यावर बसवलास.

आणि जिच्यासाठी हे सगळं केलं म्हणतेस, तिचं काय झालं ते ऐक. वर्तमानपत्रवाले फोटोग्राफर घेऊन छापखान्यात घुसले. ती कागदाच्या गोदामात जाऊन बसली. मालकाने सगळ्यांसमोर तिला झापलं. तिने तुला स्वच्छ लिहिलं होतं, नाव नको म्हणून. तुला वाचता येतं ना?

खुंट्या


११ मे १९९८

खुंट्या,

येतं वाचता. 'नाव नको' हे वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. ज्याला खरंच नको असतं तो पत्र लिहीत नाही.

लेकीचा सूर मिरवत मी गावोगाव हिंडले असते आणि घरी आल्यावर तिच्या हातचा चहा प्यायले असते, असं वाटलं तुला? तू तसं करू शकतोस. मी नाही. आवाज फाटला तर फाटला, माझा होता. लोक गेले तर गेले. स्टुडिओ मी बसवला म्हणतोस. बाबांच्या स्टुडिओत माणसं यायची, तुझ्या स्टुडिओत आवाजाचे तुकडे येतात. त्याला बसवायला मी कशाला लागते?

आता एक काम कर. ही विनंती नाही. त्या हॉलमध्ये माझाही अर्धा वाटा आहे, हे लक्षात ठेवून वाच.

तिचं पूर्ण गाणं रेकॉर्ड कर. तेच गाणं, पहिल्या ओळीपासून. पडदे काढ. सगळे वादक एका वेळी हॉलमध्ये बसव आणि तिला मधे उभी कर, खोक्यात नाही. एवढा सूर लागतो तर गाणंही तिचंच होऊ दे. कव्हरवर तिचं नाव, तिचा फोटो. मी येणार नाही. मी आले आणि काही बिनसलं, तर तू माझंच निमित्त करशील.

ताई


६ जुलै १९९८

ताई,

तुझा हुकूम पाळला. आता निकाल ऐक.

वादक गोळा करताना घाम फुटला. निम्म्यांना एकत्र बसून वाजवायची सवयच राहिली नाही. एकमेकांकडे बघायचं असतं हेच विसरलेत, हे तुला आवडेल म्हणून सांगतो. तुझ्या लेकीला आणायला तीन खेपा घातल्या. शेवटी आली. हॉलच्या मधे उभी राहिली. मी कंट्रोल रूममध्ये.

गायली. तो सूर असा लावला की व्हायोलिनवाल्यांनी माना डोलावल्या. मी बटण दाबून म्हणालो, "एक नंबर! आता फक्त पोचल्यावर आवाज पुढे ढकलू नकोस. आईसारखा मागे ओढ."

तिने हेडफोन काढून स्टँडवर अडकवला. मग काचेकडे बघून विचारलं, "मामा, गाणं कुणाचं रेकॉर्ड करतोयस?"

"तुझं."

"मग आईसारखं कशाला?"

मी म्हटलं, "अगं, चांगलं वाटेल म्हणून. तिलाही तसंच हवं असणार."

"तिला पूर्ण गाणं माझं हवंय, पण तेच गाणं. तुला सूर माझा हवाय, पण तिच्यासारखा. तुम्हा दोघांना मिळून एक बाई बनवायची आहे, त्यात मला घेऊ नका."

हॉलमध्ये सगळी माणसं खाली मान घालून आपापल्या वाद्यांकडे बघत होती. मी धावत बाहेर आलो, तोवर ती जिना उतरून गेली होती. पुढच्या आठवड्यात खोली सोडली. छापखानाही सोडला. पत्ता मला दिला नाही, तुला दिला असेल असंही वाटत नाही.

तू मागितलंस, मी केलं, ती गेली. आता कुणाच्या नावाने खडे फोडणार? मी तरी तुझ्याच नावाने फोडतोय.

हॉल सध्या बंद ठेवलाय. हल्ली पोरं घरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून रेकॉर्डिंग करतात, त्यांना ना काच लागते ना हॉल. तुझा अर्धा वाटा तुला लखलाभ.

खुंट्या


१७ जानेवारी १९९९

खुंट्या,

तुझ्या पत्राला सहा महिने उत्तर दिलं नाही, पुढेही देणार नव्हते. पण दुसऱ्या कुणाला लिहिलं तर त्याला आधी सगळं समजावून सांगावं लागेल.

शेजारणीची भाची कॉलेजात आहे. दुपारी तिच्या खोलीतून गाणं ऐकू आलं. कोण गातंय ते कळेना, पण मी जेवता जेवता उठले. विचारलं तर म्हणाली, "आमच्यात सगळे हेच ऐकतात. दुकानात मिळत नाही, एकमेकांकडून घ्यायचं." कॅसेट घरी भरलेली आहे, कव्हर हाताने लिहिलेलं. वर माझ्या लेकीचं नाव. पाळण्यातलं, कागदोपत्री असतं ते. फोटो नाही.

माझ्या मशीनवर लावली. कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत गायली आहे. गिटार वाजवणारा तिच्या अगदी जवळ बसलेला असणार, त्याची खुर्ची करकरते. एका गाण्यात बाहेरून स्कूटर गेली. ती थांबली नाही.

आणि ती खाली गाते, खुंट्या. इतकी खाली, की मला वाटलं मशीन हळू चालतंय. माझी एक कॅसेट लावून पाहिली, ती बरोबर वाजली. परत तिची लावली. ती तशीच होती. जाड, सावकाश, घरात "आई, दार लावून घे" म्हणायची ना, त्याच आवाजात. एका ठिकाणी चाल अशी आहे की कुणीही वर गेलं असतं. मी तर गेलेच असते. मी इकडे श्वास घेऊन तयार झाले. ती गेली नाही. खाली उतरली आणि तिथेच राहिली, आणि तिथे तिला इतकी जागा होती की मला खाली बसावं लागलं.

वरचा सूर कॅसेटच्या या पूर्ण बाजूला एकदाही नाही.

तू जन्मभर कानांवर भाकरी खाल्लीस, मी गळ्यावर. तिच्यावरून वर्षभर एकमेकांचे लचके तोडले, आणि भांडलो कशावरून, तर ज्या जागी तिचा आवाज राहतच नाही तिथल्या एका सुरावरून. तुझं मला माफ करायचं नाही, माझं तू करू नकोस. मी हे समेटासाठी लिहीत नाहीये. हॉलचं काय करायचं ते कर, कागद पाठव, सही करते.

कॅसेट तुला पाठवणार नाही, कारण ती माझी नाही. तिने मला दिलेली नाही. शेजारणीच्या भाचीकडून एका दिवसाच्या बोलीवर मागून आणली आहे, उद्या सकाळी परत द्यायची आहे. तेव्हा आता इथेच थांबते. दुसरी बाजू ऐकायची राहिली आहे.

ताई